आपत्कालीन शस्त्रक्रियेनंतर आयसीयूत गेलेल्या रुग्णांचा अभ्यास: आउटकम कोणता धरावा?

प्रश्न
सदस्य: शल्यप्रबंध

नमस्कार. मी शल्यचिकित्सेत पदव्युत्तर शिक्षण घेत असून आपत्कालीन लॅपरोटॉमीनंतर (पोट उघडून केलेल्या शस्त्रक्रियेनंतर) थेट आयसीयूत दाखल झालेल्या प्रौढ रुग्णांवर प्रबंध करत आहे. यातील बहुतेकांच्या आतड्याला छिद्र पडलेले असते, आतड्याला पीळ बसलेला असतो किंवा आतडे अडकून त्याचा रक्तपुरवठा बंद झालेला असतो. शस्त्रक्रियागृहातून बाहेर येताना ज्यांना रक्तदाब टिकवण्यासाठी नॉरअ‍ॅड्रेनलिन चालू होते ते रुग्ण आणि ज्यांना ते लागले नाही ते रुग्ण, असे दोन गट करून त्यांची तुलना करायची, असा आराखडा आहे. आयसीयूतील मुक्कामाचे सरासरी दिवस हा प्राथमिक आउटकम (अभ्यासात मोजायचा मुख्य परिणाम) ठरवला होता, कारण हा आकडा प्रत्येक केसपेपरमध्ये मिळतो आणि त्यात कोणाच्या मताला वाव राहत नाही.

जुन्या नोंदी चाळताना मात्र निराळेच चित्र दिसले. नॉरअ‍ॅड्रेनलिन लागलेल्या, म्हणजे उघडच अधिक गंभीर असलेल्या रुग्णांचा सरासरी मुक्काम दुसऱ्या गटापेक्षा कमी भरतो आहे. त्यांच्यापैकी बरेच जण पहिल्या दोन-तीन दिवसांतच दगावले, त्यामुळे त्यांचा मुक्काम तिथेच संपला, हे कारण समजते. पण हाच आकडा तक्त्यात मांडला, तर वाचणाऱ्याला गंभीर रुग्ण लवकर बरे झाले असे वाटेल.

माझ्या मार्गदर्शकांच्या मते रुग्णालयातील मृत्यू हाच आउटकम घ्यावा. ज्यांच्याकडे संख्याशास्त्राचा सल्ला घेतला त्यांचे म्हणणे असे की, मृत्यूवर निष्कर्ष काढण्याइतके रुग्ण प्रबंधाच्या मुदतीत मिळणार नाहीत. एका वरिष्ठ सहकाऱ्यांनी रक्तातील लॅक्टेट (ऊतींना ऑक्सिजन कमी पडला की वाढणारा घटक) किती लवकर उतरते ते पाहावे, असे सुचवले. तिन्ही सल्ल्यांत तथ्य आहे, पण तिन्ही एकाच वेळी पाळता येत नाहीत. शिवाय आजाराचे गांभीर्य गुणांत मोजण्यासाठी अपाचे-२ हे मापन घ्यावे की सोफा, आणि शस्त्रक्रियेनंतरच्या गुंतागुंतीची श्रेणी ठरवण्यासाठी क्लेव्हियन-डिंडो वर्गीकरण चालेल का, हेही ठरवायचे आहे. ज्यांनी असे अभ्यास केले आहेत किंवा आयसीयूत काम केले आहे, त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.


प्रतिसाद १
सदस्य: अतिदक्षता_वैद्य

आपल्याला नोंदी चाळतानाच शंका आली हे फार चांगले झाले, कारण छापून आलेल्या अनेक निबंधांतही मुक्कामाचे सरासरी दिवस असेच मांडलेले असतात आणि त्यांचा अर्थ कोणी विचारत नाही. आपली अडचण एका काल्पनिक उदाहरणाने मांडतो. समजा, एका गटातील दहाही रुग्ण वाचले आणि प्रत्येक जण आठ दिवस आयसीयूत राहिला, तर सरासरी ८ दिवस. दुसऱ्या गटातील चार रुग्ण दुसऱ्या दिवशी गेले आणि उरलेले सहा दहा-दहा दिवस राहिले, तर सरासरी ६.८ दिवस. ज्या गटात चार मृत्यू झाले आणि वाचलेलेही जास्त दिवस अडकून पडले, तोच गट कागदावर सरस ठरतो.

यावर आमच्या क्षेत्रात रूढ झालेला उपाय म्हणजे ठरावीक मुदतीतील ‘आयसीयूमुक्त दिवस’ किंवा ‘व्हेंटिलेटरमुक्त दिवस’ मोजणे. मुदत साधारणपणे २८ दिवसांची असते. त्यातील जितके दिवस रुग्ण जिवंत आणि आयसीयूच्या बाहेर होता तितके दिवस त्याच्या खात्यावर जमा होतात, आणि मुदतीच्या आत मृत्यू झाला तर खात्यावर शून्य राहते. वरच्या उदाहरणात पहिल्या गटाची सरासरी २० दिवस येते आणि दुसऱ्याची १०.८ दिवस. चित्र सरळ होते.

लॅक्टेटच्या सूचनेबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण आपल्या क्षेत्रातील सर्वांत महाग पडलेले धडे याच वळणावरचे आहेत. रक्तातील एखादा आकडा सुधारणे आणि रुग्ण सुधारणे यांत अंतर असते, आणि ते अंतर किती आहे हे आधी सांगता येत नाही. एआरडीएस (फुप्फुसे सुजून श्वसन निकामी होण्याचा गंभीर आजार) झालेल्या ८६१ रुग्णांवरील, २०००मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील बहुकेंद्री चाचणीत एका गटाला अपेक्षित वजनाच्या दर किलोमागे १२ मिलिलिटर आणि दुसऱ्या गटाला ६ मिलिलिटर श्वास व्हेंटिलेटरने देण्यात आला. पहिल्या काही दिवसांत रक्तातील ऑक्सिजनचे प्रमाण मोठे श्वास मिळालेल्या गटात अधिक चांगले होते. त्या वेळी कोणी केवळ ऑक्सिजनवर निकाल दिला असता, तर मोठे श्वास जिंकले असते. प्रत्यक्षात त्या गटातील ३९.८ टक्के रुग्ण दगावले आणि छोट्या श्वासांच्या गटातील ३१ टक्के. मोठा श्वास फुप्फुसाचा शाबूत भागही ताणून दुखावत होता, आणि ती इजा ऑक्सिजनच्या आकड्यात उमटत नव्हती.

रक्तशर्करेचेही तसेच झाले. बेल्जियममधील लूव्हेन येथे शस्त्रक्रियेनंतर आयसीयूत आलेल्या १,५४८ रुग्णांवर २००१मध्ये अभ्यास झाला, आणि साखर काटेकोरपणे ११०च्या आत ठेवल्याने आयसीयूतील मृत्यू ८ टक्क्यांवरून ४.६ टक्क्यांवर आल्याचे दिसले. जगभर इन्सुलिनचे पंप सुरू झाले. पुढे २००९मध्ये नाइस-शुगर चाचणीत ६,१०४ रुग्ण घेऊन हाच प्रश्न तपासला गेला, तेव्हा काटेकोर गटातील ९० दिवसांचे मृत्यू २७.५ टक्के निघाले आणि साखर १८०च्या आत राहिली तरी पुरे, असे धोरण असलेल्या गटातील २४.९ टक्के. साखर ठरल्याप्रमाणे खाली आली होती, पण साखर धोकादायक पातळीपर्यंत उतरण्याचे प्रमाण ०.५ टक्क्यावरून ६.८ टक्क्यांवर गेले होते.

शल्यचिकित्सेच्या विद्यार्थ्याने तर पोइझ चाचणी मुळातून वाचावीच. हृदयाव्यतिरिक्त इतर शस्त्रक्रियांच्या ८,३५१ रुग्णांचा तिचा निकाल २००८मध्ये आला. शस्त्रक्रियेच्या सुमारास मेटोप्रोलॉल हे नाडी मंदावणारे औषध सुरू केल्याने हृदयविकाराचे झटके ५.७ टक्क्यांवरून ४.२ टक्क्यांवर आले. पण मृत्यू २.३ टक्क्यांवरून ३.१ टक्क्यांवर गेले आणि पक्षाघात दुप्पट झाले. झटका टाळणे हे काही प्रयोगशाळेतील आकड्यासारखे दूरचे उद्दिष्ट नव्हते, रुग्णाच्या दृष्टीने ते महत्त्वाचेच होते, तरीही एका अवयवापुरता पाहिलेला आउटकम पुरेसा ठरला नाही.

म्हणून माझे मत असे की, लॅक्टेट जरूर नोंदवावे, पण त्याला आउटकम म्हणू नये. मृत्यू मोजताना ‘रुग्णालयातील मृत्यू’ असा न मोजता शस्त्रक्रियेच्या दिवसापासून ३०व्या किंवा ९०व्या दिवसापर्यंतचा मोजावा. रुग्णाला दुसरीकडे हलवले किंवा लवकर घरी पाठवले की रुग्णालयातील मृत्यू आपोआप कमी दिसतात. १४ देशांतील ४०,००४ रुग्णांच्या व्हिजन अभ्यासात शस्त्रक्रियेनंतर ३० दिवसांत १.८ टक्के रुग्ण दगावले. त्या मृत्यूंपैकी शस्त्रक्रियेच्या टेबलावर झालेले मृत्यू जेमतेम ०.७ टक्के होते आणि घरी सोडल्यानंतर झालेले २९.४ टक्के. म्हणजे आपण फक्त केसपेपर पाहिला, तर अशा अभ्यासात दर दहा मृत्यूंपैकी जवळजवळ तीन आपल्याला दिसणारच नाहीत.


प्रतिसाद २
सदस्य: जैवसांख्यिक

वरील प्रतिसादाशी मी बहुतांशी सहमत आहे, पण आयसीयूमुक्त दिवसांबद्दल एक सावधगिरीची सूचना द्यावीशी वाटते. या मोजमापात दोन वेगळ्या गोष्टी एकाच आकड्यात मिसळतात. एखाद्या उपचाराने काही रुग्ण दगावत असतील आणि बाकीचे लवकर बाहेर पडत असतील, तर बेरीज-वजाबाकी होऊन दोन्ही गट सारखे दिसू शकतात. आणखी असे की, २८व्या दिवशीही आयसीयूत असलेला जिवंत रुग्ण आणि तिसऱ्या दिवशी गेलेला रुग्ण या दोघांच्याही खात्यावर शून्यच राहते. तेव्हा हा आउटकम घ्यायचा असेल, तर मृत्यूचे प्रमाण आणि वाचलेल्यांचा मुक्काम हे दोन्ही त्याच तक्त्यात शेजारी-शेजारी द्यावेत. सरासरीऐवजी मध्यक (सगळे आकडे क्रमाने लावल्यावर मधोमध येणारा आकडा) द्यावा, कारण मुक्कामाच्या दिवसांत मोजक्या रुग्णांचे लांबच लांब मुक्काम सरासरी ओढून नेतात. विश्लेषण करताना मृत्यू आणि आयसीयूतून जिवंत बाहेर पडणे या परस्परांना रोखणाऱ्या दोन घटना मानून, प्रत्येक दिवसापर्यंत किती रुग्णांच्या बाबतीत कोणती घटना घडली याचा आलेख काढला, तर प्रश्नात वर्णन केलेला विरोधाभास एका नजरेत उलगडतो. मृत रुग्णांना ‘पाठपुरावा सुटला’ असे समजून नेहमीचा कॅप्लान-मायर आलेख (घटना घडेपर्यंतचा काळ दाखवणारा) काढू नये. तसे केल्यास गेलेले रुग्ण पुढे कधीतरी बरे होऊन बाहेर पडले असते, असे गृहीत धरले जाते.

आता संख्येचा प्रश्न. मृत्यूचे प्रमाण ३० टक्क्यांवरून २५ टक्क्यांवर आले, हा फरक ८० टक्के खात्रीने पकडायचा असेल, तर प्रत्येक गटात सुमारे १,२५० रुग्ण लागतात. एका प्रबंधात ते शक्य नाही, आणि त्यात संकोच वाटण्यासारखेही काही नाही. मात्र यातून मार्ग काढण्यासाठी अधिक सोपा आउटकम शोधण्यापेक्षा प्रश्नच बदलावा, असे मी सुचवेन. आपला अभ्यास कोणत्याही उपचाराची परीक्षा घेत नाही. नॉरअ‍ॅड्रेनलिन लागणे ही रुग्णाच्या स्थितीची खूण आहे. ती खूण असलेल्या रुग्णांचे पुढे काय होते, हा पूर्वानुमानाचा प्रश्न आहे, आणि त्याचे उत्तर ‘इतके टक्के, विश्वासार्हतेची मर्यादा येथपासून येथपर्यंत’ (म्हणजे खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो पट्टा) अशा स्वरूपात प्रामाणिकपणे देता येते. मर्यादा रुंद आली तर रुंद म्हणून छापावी. नॉरअ‍ॅड्रेनलिनमुळे मृत्यू वाढतात किंवा घटतात असे एकही वाक्य निष्कर्षात येऊ देऊ नये, कारण ज्यांची प्रकृती आधीच ढासळली आहे त्यांनाच ते औषध मिळते.

लहान अभ्यासात मोठा फरक दिसला तर आनंदापेक्षा शंका आधी यावी. सेप्सिसच्या (जंतुसंसर्गामुळे अवयव निकामी होऊ लागलेल्या) रुग्णांना पहिल्या सहा तासांत ठरावीक उद्दिष्टे गाठेपर्यंत उपचार देण्याचा २००१मधील एका केंद्रातील अभ्यास २६३ रुग्णांचा होता. त्यात रुग्णालयातील मृत्यू ४६.५ टक्क्यांवरून ३०.५ टक्क्यांवर आले. २०१४ आणि २०१५मध्ये प्रोसेस, अराइज आणि प्रोमिस या तीन मोठ्या चाचण्यांत तीच पद्धत तपासली गेली, तेव्हा नेहमीच्या उपचारांपेक्षा तिचा वेगळा फायदा दिसला नाही. मधल्या काळात नेहमीचे उपचारच सुधारले होते, हे त्याचे एक कारण मानले जाते. पण एका केंद्रातील लहान अभ्यासाचा आकडा तसाच्या तसा दुसरीकडे उतरत नाही, हेही तितकेच खरे आहे.

अपाचे-२ की सोफा, या प्रश्नाचे उत्तर आपल्या गटांच्या व्याख्येतच दडलेले आहे. सोफामध्ये सहा अवयवसंस्थांना प्रत्येकी ० ते ४ गुण असतात, आणि रक्ताभिसरणाच्या गुणांत नॉरअ‍ॅड्रेनलिनचा डोसच मोजला जातो: दर किलोमागे मिनिटाला ०.१ मायक्रोग्रॅमपर्यंत ३ गुण आणि त्याहून अधिक असल्यास ४. आपण नॉरअ‍ॅड्रेनलिनवरून गट पाडले आणि नंतर विश्लेषणात सोफा ‘समायोजित’ केला, म्हणजे सोफाच्या फरकाचा परिणाम वजा केला, तर ज्या फरकाचा अभ्यास करायचा तोच फरक आपण पुसून टाकतो. सोफा घ्यायचाच असेल, तर रक्ताभिसरणाचे गुण वगळून उरलेल्या पाच संस्थांचे गुण घ्यावेत आणि तसे स्पष्ट लिहावे.

अपाचे-२ची अडचण याच्या उलट आहे. १९८५च्या या मापनात १२ शारीरिक मापे, वय आणि जुने आजार धरले जातात, पण औषधांचा डोस कुठेच येत नाही. सरासरी रक्तदाब ७० ते १०९च्या दरम्यान असला की त्या रकान्यात शून्य गुण, मग तो दाब रुग्णाने स्वतः राखलेला असो किंवा नॉरअ‍ॅड्रेनलिनच्या मोठ्या डोसावर टिकवलेला असो. भुलेच्या अमलाखालील रुग्णाच्या शुद्धीचे गुण कसे द्यायचे, हा दुसरा घोळ. पहिल्या २४ तासांतील सर्वांत वाईट मूल्य घ्यायचे असल्याने ज्या रुग्णाच्या तपासण्या वारंवार झाल्या त्याचे वाईट मूल्य सापडण्याची शक्यताही वाढते. जी तपासणी झालीच नाही ती सामान्य समजण्याची प्रथा आहे, त्यामुळे तपासण्यांआधीच गेलेला अतिगंभीर रुग्ण कागदावर ठणठणीत दिसू शकतो. या मर्यादा लक्षात घेऊनही आपल्या अभ्यासाला अपाचे-२ अधिक सोयीचा पडेल, असे माझे मत आहे. जोडीला नॉरअ‍ॅड्रेनलिनचा डोस स्वतंत्र रकान्यात लिहावा, कारण ‘चालू होते’ आणि ‘नव्हते’ या विभागणीत भूलतज्ज्ञांची सवय, दिलेले सलाइन आणि भुलेची खोली, असे सगळेच मिसळलेले असते.

एक शेवटचा मुद्दा दिवस मोजण्याचा. शून्य दिवस कोणता हे पहिल्या पानावर लिहून ठेवावे: शस्त्रक्रिया संपल्याचा क्षण, की आयसीयूत दाखल झाल्याचा. रिकव्हरी विभागात काही रुग्ण बरेच तास थांबत असतील, तर या दोहोंत फरक पडतो.


प्रतिसाद ३
सदस्य: रात्रपाळी_सिस्टर

मी गेली अनेक वर्षे शस्त्रक्रियेनंतरच्या आयसीयूत परिचारिका म्हणून काम करते. वरील चर्चेत आकड्यांचे विश्लेषण कसे करावे हे आले, पण ते आकडे कागदावर येतात कसे, याबद्दल लिहिणे मला आवश्यक वाटते.

डॉक्टर, व्हेंटिलेटरचे दिवस काढताना आपण कोणता कागद पाहणार आहात? डॉक्टरांच्या टिपणात बहुधा ‘सकाळी ट्यूब काढली’ एवढेच असते, आमच्या २४ तासांच्या चार्टवर ११ वाजून ४० मिनिटे अशी वेळ असते, आणि डिस्चार्ज कार्डावर नुसती तारीख. संध्याकाळी दम लागून रुग्णाला पुन्हा ट्यूब घालावी लागली, तर काही डॉक्टर सकाळची वेळ ग्राह्य धरतात आणि काही ती खोडून टाकतात. सलग ४८ तास मशीनशिवाय काढल्यावरच रुग्ण व्हेंटिलेटरमुक्त झाला असे मानायचे, अशा प्रकारचा नियम आधी ठरवून सगळ्या रुग्णांना सारखा लावला नाही, तर दोन गटांतील फरक रुग्णांचा आहे की लिहिणाऱ्यांचा, हे कोणालाच कळणार नाही. आयसीयूतील मुक्कामाचेही तसेच आहे. राउंडमध्ये ‘वॉर्डमध्ये हलवा’ असे लिहिले जाते आणि वॉर्डात खाट रिकामी नसल्याने रुग्ण दुसऱ्या दिवशी दुपारपर्यंत आमच्याकडेच राहतो. तो जादा दिवस आजाराचा नसून खाटेचा आहे. शक्य असेल तर ‘हलवण्यास योग्य’ असे लिहिल्याची वेळ आणि प्रत्यक्ष हलवल्याची वेळ, या दोन्ही नोंदवाव्यात.

डिलिरियम, म्हणजे रुग्ण भ्रमिष्टासारखा होणे, हा आउटकम कोणी सुचवला तर त्याच्याही नोंदी तपासून पाहाव्यात. कॅम-आयसीयू या चाचणीत दहा अक्षरे एकेक करून सावकाश म्हणायची असतात आणि ठरलेले अक्षर आले की रुग्णाने आपला हात दाबायचा असतो. दोनपेक्षा जास्त चुका झाल्या, तर अवधान टिकत नाही असे समजतात. मध्यरात्री शांत पडलेला, सगळ्यांना ‘शहाणा’ वाटणारा रुग्ण या चाचणीत पुष्कळदा चुकतो, आणि नळ्या ओढणारा रुग्णच तेवढा भ्रमिष्ट म्हणून लिहिला जातो. जो गाढ गुंगीत आहे त्याची ही चाचणी होऊच शकत नाही. त्याच्यापुढे ‘डिलिरियम नाही’ असे लिहिलेले आढळले, तर ती नोंद ‘तपासता आले नाही’ अशी धरावी.

माझा खरा आग्रह मात्र वेगळ्याच एका गोष्टीसाठी आहे. अमेरिकेतील ८४,७३० रुग्णांच्या नोंदींवर २००९मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. त्यात मृत्यूचे प्रमाण सर्वांत कमी असलेल्या रुग्णालयांत ३.५ टक्के आणि सर्वांत जास्त असलेल्या रुग्णालयांत ६.९ टक्के होते, म्हणजे जवळजवळ दुप्पट. गुंतागुंत मात्र दोन्हीकडे साधारण सारखीच होत होती, २६.९ आणि २४.६ टक्के. मोठी गुंतागुंत झाल्यानंतर दगावण्याचे प्रमाण एकीकडे १२.५ टक्के होते आणि दुसरीकडे २१.४ टक्के. टाके उसवणे, जंतुसंसर्ग, फुप्फुसात कफ साचणे हे सगळीकडेच होते. फरक पडतो तो ते कोणाच्या, किती लवकर लक्षात आले आणि लक्षात आल्यावर कोण धावून आले, यात. म्हणून गुंतागुंत झालेल्या प्रत्येक रुग्णाच्या चार्टवर श्वासाचा वेग, नाडी किंवा लघवीचे प्रमाण पहिल्यांदा कधी बिघडले, डॉक्टरांना कधी कळवले आणि पुढची कृती कधी झाली, या तीन वेळा जरूर शोधाव्यात. रात्री दोन ते पाच या वेळेतील लघवीचे रकाने कोरे दिसले, तर तेही टिपून ठेवावे. कोरा रकाना ही सुद्धा माहितीच असते.


प्रतिसाद ४
सदस्य: रुग्णाची_मुलगी

मी डॉक्टर नाही, तरीही लिहिते आहे, कारण ही चर्चा ज्यांच्याबद्दल आहे त्यांच्यापैकी एक माझे वडील आहेत. आतड्याला छिद्र पडल्यामुळे त्यांची रातोरात शस्त्रक्रिया झाली, त्यानंतर ते बरेच दिवस व्हेंटिलेटरवर होते आणि वाचले. ज्यांनी त्यांना वाचवले त्यांचे ऋण आम्ही आयुष्यभर मानू. डिस्चार्ज कार्डावर ‘प्रकृती सुधारून घरी’ असे लिहिलेले आहे.

घरी आल्यावर त्यांना सदऱ्याची बटणे लावता येत नव्हती. ज्यांनी जन्मभर हिशेबाच्या वह्या लिहिल्या, त्यांना दोन आकडी बेरीज करताना मधेच थांबावे लागत होते. गोळी घेतली की नाही हे आठवत नसल्याने एकदा दुप्पट गोळ्या घेतल्या गेल्या. रात्री ते मशीनचा आवाज येतो म्हणून दचकून उठत. असे होऊ शकते हे आम्हाला कोणी सांगितले नव्हते, त्यामुळे त्यांना वेड लागत आहे की काय, या भीतीत आम्ही कित्येक महिने काढले. रुग्णालयातून त्यानंतर कधीही कोणाचा फोन आला नाही. तुमच्या तक्त्यात माझे वडील कोणत्या रकान्यात येतील, एवढेच मला विचारायचे आहे.


प्रतिसाद ५
सदस्य: अतिदक्षता_वैद्य

ताई, आजच्या बहुतेक तक्त्यांत आपले वडील ‘वाचले’ या एकाच रकान्यात येतात, आणि ते अपुरे आहे. त्यांना जे झाले ते वेड नव्हते. त्याला आता पोस्ट इन्टेन्सिव्ह केअर सिंड्रोम असे नाव आहे आणि त्यात शरीर, बुद्धी आणि मन या तिन्हींवरील परिणाम मोडतात. २०१३मध्ये प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील एका अभ्यासात श्वसन निकामी झालेल्या किंवा शॉकमध्ये (अवयवांचा रक्तपुरवठा कोसळलेल्या अवस्थेत) गेलेल्या ८२१ रुग्णांना घेतले होते. आयसीयूतून वाचलेल्या आणि तीन महिन्यांनी तपासता आलेल्या रुग्णांपैकी ४० टक्क्यांची बौद्धिक चाचणीतील कामगिरी डोक्याला मध्यम स्वरूपाची इजा झालेल्या माणसाइतकी खालावलेली होती, आणि एका वर्षानंतरही हे प्रमाण ३४ टक्के होते. डिलिरियम जितके दिवस जास्त राहिला, तितकी ही घट जास्त होती. कॅनडातील एका गटाने एआरडीएसमधून वाचलेल्या, तुलनेने तरुण रुग्णांचा पाच वर्षे पाठपुरावा केला. सहा मिनिटांत ते जितके अंतर चालत, ते पाच वर्षांनंतरही अपेक्षेच्या ७६ टक्केच भरले. फुप्फुसे तोवर बरीचशी सुधारलेली होती, पण पूर्वीची ताकद परत आली नव्हती.

बोस्टनचे शल्यचिकित्सक अर्नेस्ट कॉडमन यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच असा आग्रह धरला होता की, प्रत्येक रुग्णाचे शस्त्रक्रियेनंतर वर्षभराने काय झाले ते पाहावे आणि ते जाहीरपणे मांडावे. आपल्या लहानशा रुग्णालयातून १९११ ते १९१६ या काळात घरी गेलेल्या ३३७ रुग्णांच्या उपचारांत १२३ चुका झाल्याचे त्यांनी स्वतः छापून प्रसिद्ध केले. शंभर वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ९०व्या दिवशी एक फोन करणे आपल्याला जड जाते, याचे मला मनापासून वाईट वाटते.


प्रतिसाद ६
सदस्य: शल्यप्रबंध

सर्वांचे मनःपूर्वक आभार. या चर्चेनंतर आराखडा असा बदलत आहे. शून्य दिवस म्हणजे शस्त्रक्रिया संपल्याचा दिवस. प्राथमिक आउटकम म्हणजे ९० दिवसांतील मृत्यू, विश्वासार्हतेच्या मर्यादेसह आणि कोणत्याही कारणमीमांसेशिवाय. दुय्यम आउटकममध्ये २८ दिवसांतील आयसीयूमुक्त दिवस, आणि शेजारीच वाचलेल्यांच्या मुक्कामाचा मध्यक. अपाचे-२ आणि नॉरअ‍ॅड्रेनलिनचा डोस वेगवेगळ्या रकान्यांत. सिस्टरांनी सांगितलेल्या तीन वेळांसाठी नोंदीच्या नमुन्यात जागा केली आहे. ताई, आपल्या प्रश्नामुळे ९०व्या दिवसाचा फोन आराखड्यात आला. अंघोळ, कपडे, औषधे आणि पैशांचे व्यवहार यांपैकी काय स्वतःहून जमते, हे त्यात विचारणार आहे.

दोन शंका उरल्या आहेत. फोन न लागलेल्या रुग्णांचे काय करावे? आणि क्लेव्हियन-डिंडोमध्ये आयसीयूची गरज पडली की चौथी श्रेणी येते, पण माझे सगळेच रुग्ण मुळातच आयसीयूत आहेत.


प्रतिसाद ७
सदस्य: जैवसांख्यिक

फोन न लागलेल्यांना वगळून टक्केवारी काढू नये. ज्यांचा फोन लागत नाही ते बहुतेकदा एक तर गेलेले असतात किंवा अधिक अडचणीत असतात. त्यांची संख्या दोन्ही गटांसाठी स्वतंत्र द्यावी, आणि ते सगळे जिवंत मानले तर काय उत्तर येते व सगळे मृत मानले तर काय येते, अशी दोन्ही टोके दाखवावीत. दाखल होतानाच दोन नातेवाइकांचे क्रमांक आणि फोन करण्याची संमती घेतली, तर हा प्रश्न निम्म्याहून कमी होतो. आराखड्यातील हा बदल नैतिकता समितीकडून आधी मंजूर करून घ्यावा लागेल, जुन्या मंजुरीवर फोन करता येणार नाहीत.

क्लेव्हियन-डिंडोच्या २००४च्या सुधारित रूपात चौथी श्रेणी ही जिवावर बेतणारी आणि आयसीयूतील उपचारांची गरज निर्माण करणारी गुंतागुंत आहे. त्यातील ‘अ’मध्ये एक अवयव निकामी होतो आणि ‘ब’मध्ये अनेक. आपल्या अभ्यासात नुसते आयसीयूत असणे ही श्रेणी देण्यास पुरेसे धरू नये. शस्त्रक्रियेपूर्वी जो अवयव निकामी नव्हता तो नंतर निकामी झाला, तरच चौथी श्रेणी द्यावी. जो आधीपासूनच निकामी होता तो मूळ आजाराचा भाग समजावा. यासाठी शस्त्रक्रियेपूर्वीचे क्रिएटिनिन (मूत्रपिंडाच्या कामाची खूण), प्लेटलेट आणि ऑक्सिजनची गरज हे तीन आकडे प्रत्येक रुग्णाचे हवेत, तेव्हा ते जुन्या केसपेपरमध्ये खरोखर मिळतात का, हे आधी काही केसपेपर काढून पाहावे. याच वर्गीकरणात घरी जाताना रुग्णाला काही अपंगत्व उरले असेल, तर श्रेणीपुढे ‘डी’ हे अक्षर जोडण्याची सोय आहे. बहुतेक निबंधांत ते अक्षर कधीच दिसत नाही. आपण ते वापरावे, आणि ९०व्या दिवसाच्या फोननंतर ते कोणाच्या बाबतीत काढता आले आणि कोणाच्या बाबतीत नाही, याचा वेगळा तक्ता द्यावा.